रुपया, चांदीचा : छटा व मूल्य

जुन्या चांदीच्या रुपयाच्या पृष्ठभागावर हवेतील गंधकयुक्त वायूंच्या विक्रियेमुळे जो पातळ रंगीत थर जमतो, त्यास छटा म्हणतात. नाण्याचे संग्रहमूल्य ठरविताना साल, टांकसाळ व झीज यांच्याबरोबरच ही छटा मूळची आहे, घासून काढलेली आहे की मुद्दाम चढविलेली आहे, हे पाहावे लागते. पुणे जिल्ह्यातील मावळ भागातील जुन्या घरांतून असे रुपये अद्याप आढळतात. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्यात हवा सतत दमट असते. त्यामुळे तेथे चांदी लवकर काळवंडते.

मराठेशाहीत या भागात अंकुशी रुपया चाले. त्यावर अंकुशाचे चिन्ह असे; मजकूर मात्र फार्सीत व मोगल बादशहाच्या नावाचा असे. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर क्वचितच उमटे. पोतदार नाणे पारखून त्यावर बट्टा आकारीत, शराफ आपली खूण ठोकीत. अशी खूण हा नाण्याच्या वापराचा पुरावा असला, तरी तिच्यामुळे किंमत सामान्यतः कमी होते. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सर्वत्र एकाच वजनाचा, यंत्रावर पाडलेला रुपया सुरू केला. लोकांनी त्यास कळदार म्हटले. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा (सु. ११.६६ ग्रॅ.) व चांदीचे प्रमाण अकरा द्वादशांश होते, उरलेला भाग मुख्यत्वे तांब्याचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली व तांबे, निकेल आणि जस्त यांची भर पडली. या हलक्या मिश्रधातूचे रुपये मळकट तपकिरी होतात. त्यांच्यावर सुरेख छटा विरळाच येते.

चांदीवर साचणारा हा थर सिल्व्हर सल्फाइडाचा असतो. तो अतिशय पातळ असताना त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशतरंगांचे व्यतिकरण होऊन रंग दिसतात. थर वाढत जातो तसे रंग ठराविक क्रमाने बदलतात : प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा व निळा, अखेरीस काळा. छटा मूळची की कृत्रिम, हे ओळखण्याची मुख्य खूण या क्रमातच आहे. नैसर्गिक छटा बहुधा कडेकडून मध्याकडे सावकाश सरकते, तिच्यातील रंग एकमेकांत मिसळत जातात आणि नाणे तिरपे फिरविले असता तिच्याखालून मूळची चकाकी फिरताना दिसते. गंधकाची पूड किंवा उष्णता वापरून चढविलेली छटा एकदम गडद, डागाडागांची व क्रम सोडून असते. ओरखड्यांच्या आतही तोच रंग भरला असेल, तर नाणे आधी घासले गेले व रंग नंतर आला, असे समजावे.

मूल्याची खरी हानी घरातच होते. लक्ष्मीपूजनापूर्वी रुपये चिंच, राख वा दंतमंजन लावून घासण्याची पद्धत आहे. त्यामुळे सल्फाइडाबरोबर चांदीचाही सूक्ष्म थर जातो, पृष्ठावर असंख्य बारीक रेघा पडतात आणि टांकसाळीतून आलेली चकाकी कायमची नष्ट होते. पांढराशुभ्र झालेला रुपया घरच्यांना नवा वाटतो. संग्राहकास तो चांदीच्या भावाने विकत घेण्याजोगा उरतो. माळेत ओवण्यासाठी डाग देऊन बसविलेली कडी आणि सोनाराने कसोटीवर केलेली घासणी यांचा परिणामही असाच. खरेपणा तपासण्यास वजन व विशिष्ट गुरुत्व (१९४० पूर्वीच्या कळदार रुपयाचे सु. १०.३) पुरेसे असते व त्याने नाण्यास इजा होत नाही. तेलकट मळ काढावयाचा तर ॲसिटोनमध्ये बुडवून न पुसता वाळू द्यावे. हिरवा गंज मात्र छटा नव्हे. तो मिश्रणातील तांब्याचा असतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळेही हिरवट चिकटा येतो. दमट प्रदेशात लोकर, रबर व साधा कागद यांपासून नाणी दूर ठेवणे इष्ट.

छटा कितीही देखणी असली, तरी सर्वसामान्य नाणे तिच्यामुळे दुर्मिळ होत नाही. पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२० या काळातील रुपये विपुल आहेत. याउलट १९११ च्या रुपयावरील राजाच्या पदकमालेतील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने तो मागे घेण्यात आला व आता त्यास चांगली किंमत येते. १९३९ चा रुपया त्याहूनही दुर्मिळ. म्हणूनच त्याच्या नकला निघतात. १८६२ हे साल असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या रुपयांत तारखेजवळच्या ठिपक्यांवरून त्यांचे खरे वर्ष काढतात. गडद काळिमेखाली हे ठिपके दिसत नाहीत, तेव्हा ते शोधण्यासाठी नाणे घासण्याऐवजी भिंगाने तिरप्या उजेडात पाहावे.

शेत नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत वा तीवरील बांधकामात दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ऐवज मिळाल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमान्वये खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. निधी हाती येताच तो धुऊन वेगळा करण्याची घाई होते. परंतु नाणी ज्या भांड्यात व ज्या क्रमाने सापडली तो क्रम आणि त्यांवरील मातीचा थर यांवरूनच निधी केव्हा पुरला गेला हे अभ्यासकांस ठरविता येते.