वत्सगुल्माचे इतिहासकार

वाशीम जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या आपल्या समाजबांधवांना शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंज्याची शास्त्रभांडारे ठाऊक असतात. मात्र ज्या वाशीममध्ये आपण व्यापार करतो ते एकेकाळी वाकाटकांच्या राजधानीचे नगर होते, हे आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते. ही गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध करण्याचे श्रेय मुख्यतः महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे.

मिराशींचा जन्म १८९३ साली कोकणात झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून ते आले आणि विदर्भाचेच झाले. काव्य शिकविता शिकविता ते ताम्रपट-शिलालेखांकडे वळले.

१९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. दान वत्सगुल्माहून दिलेले, राज्यवर्ष ३७ वे. वंशावळ संस्कृतात, पण दानाचा व्यवहार प्राकृतात! बँकेत आयुष्यभर तारणाचे दस्त तपासल्यामुळे असेल, मला या प्राकृत भागाचेच अधिक अप्रूप वाटते. राजाची थोरवी पंडितांच्या भाषेत सांगावी आणि गाव, हक्क, माफी यांचा तपशील मात्र लोकांना कळणाऱ्या भाषेत लिहावा, ही दृष्टी व्यवहारी माणसाचीच.

त्या वंशावळीत पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याचे नाव होते. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा झिजलेला लेख पूर्वी चुकीचा वाचला गेला होता. मिराशींनी तो या ताम्रपटाच्या आधारे पुन्हा वाचला. दोन्ही लेखांचा मेळ बसला आणि वाकाटकांची वत्सगुल्म येथील स्वतंत्र शाखा इतिहासात उभी राहिली. जमाखर्चातील एक चुकलेली नोंद सापडावी आणि सगळी वही जुळावी, तसे हे झाले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्मात लावला, ते नगर म्हणजेच आपले वाशीम.

‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५७ सालचा; वाकाटकांच्या लेखांचा इंग्रजी संग्रह १९६३ मध्ये निघाला. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ मध्ये ते निवर्तले.

ताम्रपट धातूचा, म्हणून टिकला. आमच्या घरी आजोबांच्या मोडी वह्यांची एक पेटी होती. नवे घर बांधताना ती आम्ही रद्दीत दिली. कापसाचे कोणते भाव आणि कोणाकोणाची खाती त्यांत होती, हे पाहण्यासाठी एक पानही उलटले नाही.