आधी पेरणी, मग कुंपण



शाळा सुटल्यावर दिवसाचा हिशेब मांडू लागले की आपणांपैकी बहुतेकांना एकच अनुभव येतो. सकाळपासून क्षणाची उसंत मिळालेली नसते. परिपाठ झाला, हजेरी झाली, पोषण आहाराचे धान्य मोजून दिले, ऑनलाइन माहिती भरली, केंद्रातून आलेल्या दूरध्वनीस उत्तर दिले. आणि तरीही आज वर्गात नेमके काय शिकविले, या प्रश्नाचे उत्तर देताना मन घुटमळते. येथे कष्ट कमी पडले असे नाही. ते कोठे पडले, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पाऊस पडून जमिनीला वापसा आला म्हणजे शेतकरी काय करतो, हे आपण खेड्यात राहून पाहिलेले आहे. कुंपण मोडलेले असते, गोठ्याचे छप्पर गळत असते, बाजारहाटही राहिलेला असतो. तरी ते सर्व बाजूस सारून तो तिफण जुंपतो. कुंपण निरुपयोगी आहे असे तो मानत नाही. कुंपणावाचून उभे पीक गुरे खातील, हे तो जाणतो. परंतु कुंपण चार दिवसांनी घालता येते. ओल उडून गेल्यावर पेरणी साधत नाही. कामाचा अग्रक्रम म्हणतात तो हाच.

उद्योगधंद्यांच्या क्षेत्रात हा विचार जोसेफ जुरान या अमेरिकन तज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. कारखान्यातील बहुतेक दोष थोड्याच कारणांतून उद्भवतात. यास्तव आधी त्या मोजक्या कारणांकडे लक्ष द्यावे, असे त्याचे सांगणे होते. इटलीतील अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो याचे नाव त्याने या तत्त्वास दिले. ऐंशी आणि वीस हे त्याचे प्रमाण पुष्कळांच्या तोंडी असते. पण ते आकडे सर्वत्र तंतोतंत लागू पडतात असे समजू नये. घ्यावयाचे ते एवढेच की, सर्व कामे सारख्या मोलाची नसतात. ती सारख्या मोलाची मानली की आपल्याकडील म्हणीप्रमाणे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत होते.

हे मी ग्रंथांतून शिकलो असे नाही. शिक्षक असताना माझे दप्तर नीटनेटके असल्याबद्दल मला अभिमान होता. अक्षर चांगले असल्याने फळ्यावरील सुविचार मी दररोज रंगीत खडूंनी कोरून लिहीत असे. एकदा तपासणी झाली आणि शेरेबहीत ‘दप्तर उत्तम’ असा शेरा मिळाला. पाहुणे गेल्यावर आनंदाच्या भरात मी चौथीतील एका मुलीस फळ्यावरचा सुविचार वाचावयास सांगितले. तिने तो एकदाही न अडखळता म्हणून दाखविला. मात्र तो आदल्या दिवशीचा सुविचार होता! फळ्यावर त्या दिवशी दुसराच होता. मुलगी ऐकून पाठ करीत होती. तिला वाचता येत नव्हते. दोन वर्षे ती माझ्या वर्गात होती. तिच्या हजेरीची एकही खूण माझ्या पत्रकात चुकलेली नव्हती; आणि तिला वाचता येत नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

मग मोलाचे काम ओळखावे कसे? प्रत्येक कामास तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम राहिले तर एखाद्या मुलाचे शिकणे राहील काय? दुसरा, हे माझ्यावाचून दुसऱ्या कोणास करता येईल काय? तिसरा, ते आता न करता शाळा सुटण्याच्या सुमारास केले, तर काही बिघडेल काय? अडखळणाऱ्या मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकणे, हे काम तिन्ही कसोट्यांस उतरते. ते राहिले तर मुलाचे नुकसान होते, ते प्रशिक्षित शिक्षकानेच करावयाचे असते, आणि मूल ताजेतवाने असतानाच ते साधते. वरिष्ठांकडे पाठवावयाचा तक्ता आवश्यक खरा; पण तो चार वाजता भरला म्हणून बहुधा काही अडत नाही. हजेरी व आहाराची नोंद रोजची रोज झालीच पाहिजे. परंतु तिला मोजकी मिनिटे पुरतात.

कायद्यानेही हेच सांगितले आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून, लागेल तेथे अधिक शिकविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक ही कामे त्यातच अपवाद म्हणून सांगितली आहेत. ती टाळता येत नाहीत. त्याच अधिनियमात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरविले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. यांतील रोजचा अर्धा तास किरकोळ कामांत गेला, तर वर्षाकाठी १०० तास जातात. हे पूर्ण २५ दिवसांचे अध्यापन झाले!

उलट हिशेबही करून पाहावा. वर्गात सहा मुले वाचनात मागे आहेत असे धरू. दररोज प्रत्येकाजवळ तीनच मिनिटे बसलो, तर एकूण १८ मिनिटे लागतात. २०० दिवसांत त्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला ६०० मिनिटे, म्हणजे १० तास, शिक्षक एकट्याचा येतो. ही मुले बहुधा मागच्या ओळीत गप्प बसतात. त्यांना इतका वेळ आजवर क्वचितच कोणी दिलेला असतो.

यासाठी दिवसाची मांडणी थोडी बदलावी लागेल. परिपाठानंतरचा पहिला तास वाचनासाठी राखून ठेवावा. त्या वेळी भ्रमणध्वनी कपाटात असावा. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र बसत असल्यास एकीला लेखन देऊन दुसरीतील मुलांचे वाचन ऐकावे. दप्तरासाठी शाळा सुटण्यापूर्वीचा किंवा नंतरचा अर्धा तास ठरवून टाकावा आणि कागद मधूनमधून हाती घेऊ नयेत. मुलांची जन्मतारीख, प्रवेश क्रमांक इत्यादी वारंवार मागितली जाणारी माहिती एकाच वहीत लिहून ठेवावी, म्हणजे ती दर वेळी नव्याने शोधावी लागणार नाही. एकच माहिती दोनदा मागितली गेल्यास पहिल्या पत्राचा दिनांक कळवून तसे नम्रपणे लेखी सांगावे.

आता आम्हां अधिकाऱ्यांविषयी. शिक्षकाचा अग्रक्रम पुष्कळदा आमच्या प्रश्नांवरून ठरतो. शाळेत पाऊल टाकताच आम्ही दप्तर मागू लागलो, तर शिक्षक दप्तरच सांभाळणार. यात त्याचा दोष थोडा आणि आमचा अधिक. मी स्वतः कित्येक वर्षे असेच करीत आलो. यापुढे माझ्या भेटीत पहिल्या तासाला मी कोणतीही वही मागणार नाही. मागच्या ओळीत बसेन आणि मुलांचे वाचन ऐकेन. दप्तर त्यानंतर पाहीन, आणि पाहीन हे निश्चित.

प्रत्येक शिक्षकास एवढीच विनंती आहे की, उद्या परिपाठ संपताच आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाकडून त्याने पूर्वी न पाहिलेली चार वाक्ये वाचून घ्यावीत. जी मुले अडखळतील त्यांची नावे एका कागदावर लिहावीत. येत्या शिक्षण परिषदेस येताना तो कागद बरोबर आणावा. नावे अधिक निघाली म्हणून कोणासही बोल लावला जाणार नाही.