आवाजामागचा हात

शाळेपासून आपल्याला एक वाटणी शिकवली जाते : सुस्वर ते संगीत, बाकीचा गोंगाट. माझे वडील हलगी वाजवीत. गावाने त्याला संगीत कधीच म्हटले नाही. लग्न, मयत, जत्रा, सगळीकडे ते 'वाजवायचं काम'च होते. म्हणून ही वाटणी कुणी केली हा प्रश्न मला पुस्तकात शोधावा लागला नाही. पॅरिसमध्ये तो वेगळ्या कारणाने विचारला गेला, हे मात्र प्राध्यापकी लागल्यावर कळले.

१९४८ साली पिएर शेफर हा फ्रेंच रेडिओतला अभियंता पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर गेला आणि इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, चाकांचा खडखडाट त्याने तबकड्यांवर उतरवला. फीत त्याच्या हाती यायची होती. त्याने तबकडीची खाच वर्तुळासारखी मिटवली. सुई पुढे सरकेना, तोच तुकडा फिरून फिरून वाजू लागला. घंटेच्या आवाजातून टोल्याचा क्षण वगळून त्याने नुसते घुमणे ठेवले, तर ती घंटा वाटेचना. असे पाच तुकडे ५ ऑक्टोबर १९४८ रोजी रेडिओवरून ऐकवले गेले. कागदावरच्या स्वरांऐवजी प्रत्यक्ष आवाजापासून सुरू होणारे म्हणून हे मूर्त संगीत. (१९४४ सालीच कैरोत हलीम अल्-दाब या इजिप्शियन तरुणाने झार विधीतले बायकांचे आवाज तारेवर मुद्रित करून त्यांची अशीच रचना केली होती. इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगतात. ही रीत आपल्या ओळखीची आहे.)

आवाज कशातून निघाला हे बाजूला ठेवा, नुसता आवाज ऐका, असे शेफरने १९६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पायथागोरस शिष्यांना पडद्याआडून शिकवी, या आख्यायिकेचा तो आधार घेतो. देवळातले कीर्तन भिंतीबाहेरून ऐकणाऱ्या आमच्या पूर्वजांना हे ऐकणे नवे नव्हते. फरक इतकाच की शेफरचा पडदा स्वखुशीचा आहे. तरीही मी हरखलो. हलगीच्या आवाजातून हात वगळला, जात वगळली, तर गाव काय ऐकेल?

मग स्टीव्ह राईश या अमेरिकन संगीतकाराची 'कम आऊट' ही १९६६ ची रचना ऐकली. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत डॅनिएल हॅम या काळ्या तरुणाला पोलिसांनी मारले. रक्त दिसेल त्यालाच इस्पितळात नेत होते. हॅमला मुका मार होता, तेव्हा त्याने सुजलेली जागा स्वतःच फोडून रक्त काढून दाखवले. पुढे एका खुनाच्या खटल्यात त्याच्यासह सहा जणांना शिक्षा झाली. १९६८ साली ती रद्द झाली. त्यांच्या फेरखटल्याच्या मदतीसाठी ही रचना केली होती. हॅमच्या निवेदनातले वाक्य आधी सबंध ऐकू येते. नंतर त्यातले मोजके शब्द दोन फितींवर एकदम फिरू लागतात. एक फीत किंचित मागे पडत जाते. दोनाचे चार, चाराचे आठ आवाज होतात. तेराएक मिनिटांनी शब्द उरत नाहीत, घासल्यासारखा नाद उरतो.

बी.ए.च्या वर्गात हे ऐकवले. एक मुलगी म्हणाली, "सर, गिरणी चालल्यागत वाटतंय." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, त्यो पोरगा कुठं गेला?"

शेफरचे उत्तर इथे चालत नाही. इंजिनाचे नाव विसरले तर इंजिनाचे काही जात नाही, साक्षीचे जाते. राईशने वाक्य आधी सबंध ठेवले म्हणून त्याची रचना टिकते, असे मला वाटते. कोर्टात शब्दांचे काय होते तेच मग कानाला ऐकू येते. पण हकीकत न सांगता कुणी ती केवळ नवा प्रयोग म्हणून वाजवली, तर हॅम दुसऱ्यांदा मुका होतो. आता मी आधी हकीकत सांगतो, मग ऐकवतो.

वडिलांना हलगी खुंटीला टांगायला मीच लावले होते, कॉलेजात असताना, चळवळीच्या जोरात. ते चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र मीच त्यांना ती काढायला सांगितली आणि मोबाईलवर मुद्रण केले. कातडे तापवताना जाळाचा तडतडाट, त्यांचा खोकला, "आता कशाला रं?" असे विचारणे, मग पहिली थाप. त्यातले काही मी कापलेले नाही.