पीटीचा तास कुणाचा?

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे सगळे विषय दोघांनाच शिकवायचे असतात. त्यात शारीरिक शिक्षणही आलं. वेळापत्रकात तास असतो. पण गणित मागे पडलं, की पहिली कात्री त्यालाच लागते.

याला आळस म्हणणं अन्यायाचं ठरेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवलं. मात्र शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट १००च्या वर असेल तरच. खालच्या वर्गांत सगळा भार वर्गशिक्षकावर. ‘आपण कुठे खेळाडू?’ हा संकोच आणि मूल पडलं तर पालक काय म्हणतील ही धास्ती, दोन्ही खऱ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचवते. तिची सुरुवात लंगडीनेही होते. फक्कीने आखलेला चौकोन, एका पायावर तोल सांभाळत गडी टिपणारी मुलगी आणि बाद झालेले मोठ्याने मोजणारा वर्ग. साहित्याचा खर्च जवळपास नाहीच.

शिक्षक प्रशिक्षणात असे खेळ प्रत्यक्ष खेळून घ्यायला हवेत. सोबत प्रथमोपचाराचा सरावही.