उभ्या गाडीचं मीटर

मुंबई-पुण्यात गाडी घेण्याचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न येतो, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आणि दुसरा, 'हप्ता किती बसेल?' या दोन आकड्यांवर निम्मा निर्णय होतो, उरलेला निम्मा शोरूममधला मुलगा करून टाकतो. गाडी परवडेल की नाही, याचं उत्तर मात्र या दोन्ही आकड्यांत नसतं. गाडी चालवायला तुलनेनं स्वस्तच पडते. महाग पडतं ते तिला उभी ठेवणं. या विषयातले बहुतेक गैरसमज इथूनच फुटतात.

'रिक्षाला दोनशे जातात, तेवढंच अंतर गाडीनं ऐंशीच्या पेट्रोलमध्ये होतं'

हिशेब बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. पूर्ण मांडून बघू. ऑन-रोड १० लाखांना पडलेली पेट्रोल गाडी धरा. आठ वर्षं वापरून ती ३ लाखांना विकली, तर ७ लाखांची घट झाली, म्हणजे वर्षाला ८७,५०० रुपये. विमा सरासरी २०,००० धरू. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून आणखी २०,०००. पार्किंग आणि सकाळी गाडी पुसणारा यांचे महिन्याला १,५०० म्हटले, तरी वर्षाचे १८,००० होतात. शिवाय गाडीत अडकलेले पैसे बँकेत असते तर व्याज मिळालं असतं. गाडीची सरासरी किंमत साडेसहा लाख धरून ६ टक्क्यांनी ते ३९,००० होतं. एकूण झाले १,८४,५००. रोजचे ५०० रुपये, आणि अजून पेट्रोलचा थेंबही भरलेला नाही.

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरातलं अ‍ॅव्हरेज १३ धरलं, तर किलोमीटरला ८ रुपये पडतात. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला एक किलोमीटर सुमारे ४५ रुपयांना पडतो, ८,००० चालवणाऱ्याला ३१ ला आणि १५,००० चालवणाऱ्याला २० ला. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा किलोमीटर २० रुपये ६६ पैशांना आहे आणि रिक्षाचा १७ रुपये १४ पैशांना. म्हणजे रोज सरासरी ४० किलोमीटर, आणि तेही रविवार-सुट्ट्या धरून, गाडी फिरली तर ती टॅक्सीच्या बरोबरीला येते. रिक्षाशी बरोबरी करायची तर ५५ किलोमीटर लागतात. तेही प्रत्येक फेरी रिक्षा-टॅक्सीनंच होईल असं धरून. प्रत्यक्षात त्यातल्या कितीतरी फेऱ्या लोकलनं, मेट्रोनं किंवा बसनं होतात, आणि त्यांचं तिकीट या तुलनेत नगण्य आहे.

माझे आकडे कुणाला जास्त वाटतील, कुणाला कमी. आपले आकडे घालून बघावेत. पण घसारा आणि व्याज या दोन ओळी गाळू नयेत. पाकिटातून रोज जात नसल्यामुळे त्या कुणाला दिसत नाहीत, आणि वरच्या बेरजेतले दोन तृतीयांशांहून अधिक पैसे त्यांच्याच नावावर आहेत.

एक वाकडी गंमतही यात आहे. पहिले पाचशे रुपये गेलेलेच असल्यामुळे गाडी घेतलेल्याला प्रत्येक नवी फेरी फक्त ८ रुपये किलोमीटरची वाटते. म्हणून तो कोपऱ्यावरच्या डेअरीतही गाडी घेऊन जातो, आणि त्याच्या दृष्टीनं ते तर्काला धरूनच असतं.

'गाडी म्हणजे मालमत्ता, गरजेला विकता येते'

विकता येते, पण कितीला, हे विमा कंपन्यांच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. गाडीचं विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के घट धरतात, वर्षअखेरपर्यंत १५, दुसऱ्या वर्षाला २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. ही घटही एक्स-शोरूम किमतीवरची. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वन-टाइम टॅक्स लागतो. साडेआठ लाखांच्या गाडीवर तो ९३,५०० होतो, आणि हे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबातून गेले. कर्ज असेल तर व्याज आणखी वेगळं. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १२,८७० च्या घरात बसतो आणि व्याजच २ लाख ८० हजारांच्या वर जातं. सात वर्षांच्या मुदतीमुळे हप्ता हलका दिसतो, गाडी स्वस्त होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या ग्राहकांना आनंद झाला. ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्यांचं काय? नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. 

'वेळ तरी वाचतो ना!'

कुठे आणि कधी, यावर ते अवलंबून आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. त्या यादीत पुणं जगात चौथं होतं. ताशी १८ किलोमीटरचा हा वेग. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर हे ११.४ किलोमीटरचं अंतर मेट्रो २१ मिनिटांत कापते, आणि साकीनाक्याला खाली काय चाललंय याचं तिला सोयरसुतक नसतं. ठाणे-सीएसएमटीसारख्या रेल्वेला समांतर प्रवासात गर्दीच्या वेळी जलद लोकलला हरवणारी गाडी अजून कुणी बनवलेली नाही.

याची दुसरी बाजू गाडीविरोधक सांगत नाहीत. मुंबईत रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. तुमचं घर आणि कचेरी यांच्यामध्ये दोनदा बदलायच्या गाड्या आणि वर शेअर रिक्षाची रांग असेल, तर दारापासून दारापर्यंतचा हिशेब झटकन उलटतो. पुण्यात मेट्रोच्या दोन मार्गिका पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी धावतात. वाघोली किंवा उंड्रीत राहणाऱ्याला त्यांचं कौतुक सांगून उपयोग नाही. पीएमपीची बसही त्याच कोंडीत, त्याच सिग्नलला उभी असते. म्हणून वेळेचा प्रश्न शहराला विचारायचा नसतो, स्वतःच्या रोजच्या रस्त्याला विचारायचा असतो.

'फ्लॅटबरोबर पार्किंग विकत घेतलंय, ते आपलंच'

हा सगळ्यात महागडा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केलं, की बिल्डरला उघडी किंवा स्टिल्टखालची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. पुढे रेरा कायद्यानं उघड्या पार्किंगला सामायिक जागांत धरलं, आणि २०२१ मध्ये महारेरानंही परिपत्रक काढून तेच बजावलं. रेराखालच्या प्रकल्पांत मात्र बंदिस्त गॅरेज किंवा छताखालची जागा करारात नीट नोंदवून विकता येते. ज्याच्या हातात फक्त 'अलॉटमेंट लेटर' आणि रोखीच्या व्यवहाराची आठवण आहे, त्यानं करारनामा पुन्हा काढून वाचावा. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील, तर सोसायटी दर वर्षी चिठ्ठ्या टाकू शकते.

जागेची किंमत कुणी मोजत नाही. अडीच मीटर बाय पाच मीटरचा एक कप्पा म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. मुंबईतल्या कित्येक वन बीएचकेमधली झोपायची खोली याहून लहान असते. रोज दीड तास चालणारी गाडी उरलेले साडेबावीस तास ही खोली अडवून बसते, आणि ऑफिसला पोचली की तिथे दुसरी मागते.

रस्त्यावर लावली तर फुकट, हीसुद्धा समजूतच. पुण्यात पी-१, पी-२ च्या पाट्यांसमोर तारीख सम की विषम, हे मनातल्या मनात मोजणारे चालक रोज दिसतात. मोजणी चुकली की गाडी टो झालीच. महापालिकेनं २०१८ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण आणलं, तेव्हा शहर पेटून उठलं आणि धोरण कागदावरच राहिलं. जपानात १९६२ च्या कायद्यापासून गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही असा नियम आणण्याचं बोलून दाखवलं. तो आला, तर शोरूममधला पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा राहणार नाही.

'फुल इन्शुरन्स आहे, चिंता नाही'

पावसाळ्यात आहे. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड लागते. मुंबईत पाणी तुंबणारा मिलन सबवे किंवा हिंदमाता रोजच्या वाटेवर असलेल्यांनी एवढं एक कलम तरी वाचावं. पाणी चढलं की किल्लीला हात न लावता गाडी ओढून न्यावी.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी: आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

'गावी जायला तरी घरची गाडी हवीच'

गणपती, शिमगा, मे महिना आणि एखादं लग्न. मुंबई-रत्नागिरी जाऊन-येऊन ७०० किलोमीटर धरले, तर चार खेपांचे २,८०० होतात. चालकासह भाड्याच्या गाडीला किलोमीटरला १५ रुपये धरले, तर ४२,००० लागतात. भाड्याच्या गाडीत रोजच्या किमान किलोमीटरची अट असते, म्हणून गावी आठवडाभर राहायचं असेल तर ती सोडून द्यावी किंवा स्वतः चालवायची काळ्या पाटीची गाडी घ्यावी. कसंही केलं तरी खर्च १,८४,५०० च्या जवळ जात नाही. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणं मात्र टाळावं. खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला तेवढं कारण पुरतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ३,००० रुपयांच्या फास्टॅग वार्षिक पासबद्दलही घोळ आहे. तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू हे राज्याचे आहेत. तिथे नेहमीचाच टोल कापला जातो.

'ओला-उबर असताना गाडी घेणारा मूर्ख'

वरचे आकडे वाचून कुणी या टोकाला जाईल, म्हणून हा गैरसमजही घेतो. जुलै २०२५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी या कंपन्यांना गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पट दर लावण्याची मुभा दिली आहे. मुसळधार पावसात रात्री साडेदहाला दुप्पट पैसे मोजूनही गाडी मिळेल, याची हमी कुणी देत नाही. रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येतच नाही. घरात डायलिसिसला न्यावं लागणारं माणूस असेल, पायऱ्या न चढू शकणारे आजोबा असतील किंवा पहाटे तीनला सुटणारी पाळी असेल, तर तिथे किलोमीटरचा भाव बघायचा नसतो. ही कुटुंबं गाडीसाठी रोज पाचशे मोजतात आणि त्याचं मोल त्यांना मिळतं.

पुण्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे गाडीला पर्याय टॅक्सी नसते, दुचाकी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. नवरा-बायको आणि दोन मुलं एकाच स्कूटरवर बसून सिंहगड रोडनं जात असतील, तर त्यांना घसाऱ्याचा तक्ता दाखवणाऱ्याला व्यवहार कळत नाही. अशा घरानं दहा लाखांची नवी घेण्यापेक्षा चार-पाच वर्षांची जुनी घ्यावी, कारण सगळ्यात मोठी घट पहिल्या मालकानं सोसलेली असते. आरसी मात्र लगेच नावावर करून घ्यावी.

'जुनी गाडी विकून टाकावी, पंधरा वर्षांनी भंगारातच जाणार'

गाडी घ्यावी का आणि असलेली ठेवावी का, हे प्रश्न वेगळे आहेत. दहा वर्षं झालेल्या गाडीचा घसारा होऊन गेलेला असतो, अडकलेली रक्कम थोडी असते आणि विम्याचा हप्ताही कमी झालेला असतो. वरच्या बेरजेतल्या दोन मोठ्या ओळी तिच्यापुरत्या जवळजवळ पुसल्या जातात. रोज वापर नसेल, तरी अशी गाडी ठेवणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं, मात्र पार्किंग स्वस्त असायला हवं आणि मेकॅनिकचं बिल वाढत नसावं. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची जी मर्यादा ऐकू येते, ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आदेशातून आली आणि ती दिल्ली व आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचं शुल्क भरायचं. गाडी तपासणीत उतरली, की नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते.