पहिल्या गेमिंग पीसीचा मदरबोर्ड

आधी प्रोसेसर ठरवा, मग बोर्ड. प्रत्येक प्रोसेसरचं सॉकेट ठरलेलं असतं आणि दुसऱ्या सॉकेटमध्ये तो बसतच नाही. माझ्या मते पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याने सर्वांत जास्त विचार इथेच करावा. एएमडीचं एएम४ सॉकेट पाहा: २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून २०२२चा रायझेन ७ ५८००एक्स३डी चालला. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून पीसी पुन्हा ताजातवाना! आजच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ रॅमच लागते. जुनी डीडीआर४ त्यात बसणार नाही.

महागड्या चिपसेटचा मोह टाळा. गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. बी६५०सारखा मधला चिपसेट बहुतेकांना पुरतो. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. मात्र प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर चांगले हीटसिंक हवेतच. बोर्डाचा आकार कॅबिनेटशी जुळवून घ्या.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेला बोर्डच घ्या. त्यामुळे प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं.