मुठीत मावणारा, पुरवून वापरलेला फोन

मोबाइलच्या दुकानात गेले, की आपल्यापुढे आधी मोठ्या पडद्याचा फोन ठेवला जातो. तरीही काही गिऱ्हाइके लहान फोन मागतात आणि घेतलेला फोन चार-पाच वर्षे पुरवून वापरतात. लोक त्यांना चिक्कू म्हणतात. आम्हाला मात्र त्यांचा हिशेब पक्का वाटतो.

आधी आकाराचे पाहू. 2007 मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा 3.5 इंचांचा होता. 2011 मध्ये सॅमसंगचा 5.3 इंचांचा गॅलक्सी नोट आला, तेव्हा तो अवाढव्य वाटला. आज त्याहून मोठे फोन सर्रास दिसतात. अ‍ॅपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचांचे मिनी फोन काढले, पण 2022 च्या मालिकेत मिनी उरला नाही. मोठ्या पडद्यावर व्हिडिओ छान दिसतो, अक्षरे मोठी करता येतात आणि आत बॅटरीलाही जास्त जागा मिळते. वडीलधाऱ्यांना तोच सोयीचा. पण कडेवर मूल किंवा हातात बाजाराची पिशवी असलेल्या बाईला एका अंगठ्याने वापरता येईल असाच फोन हवा असतो. कुर्त्याच्या खिशातही तोच नीट राहतो.

आता फोन बदलण्याचे. ‘फोन जुना झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दमलेली असते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने हळूहळू कमी होतेच. ती बदलायला बहुधा नव्या फोनच्या किमतीचा लहानसा भागच लागतो. दुसरी गोष्ट सुरक्षा अपडेटची. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलक्सी एस24 साठी 7 वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले आहे. स्वस्त फोनांना ही मुदत सहसा कमी असते, म्हणून घेतानाच विचारावे. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार करणे धोक्याचे. तिथे काटकसर बाजूला ठेवून फोन बदलावा.

एरवी, मुलांनी नव्या मॉडेलचा हट्ट धरला तर त्यांना जवळ बसवून तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी बदलून भागेल का? अपडेट अजून येतात का? आणि नव्या फोनचा हप्ता घरातल्या कोणत्या खर्चातून काढायचा? फीची तारीख आणि फोनच्या हप्त्याची तारीख एकाच महिन्यात आली, की घराची कशी ओढाताण होते, हे आम्ही शिक्षक जवळून पाहतो.